चार ओळी कमी पडत होत्या

कुंदा,

तुझ्या तेरवीला मी पोटभर जेवले. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास, जेवली का वं? तुझ्या जावेनं दोनदा वडे वाढले, विलासरावांनी येऊन आग्रह केला, आणि मी नाही म्हटलं नाही. घास उतरत नव्हता असं लिहायची पद्धत आहे. माझा उतरत होता. अडकलं ते पंगती उठल्यावर.

विलासराव मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कपाटातून त्यांनी निळी प्लास्टिकची फाईल काढली. "ताई, तुम्ही हिच्यावर लिहून राहिल्या म्हणे. मंग हिची फाईल पाहून घ्या एकदा. सगळं आहे यात." तुझ्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तारखेनं लावलेलं. तुझा नवरा आहे तसाच आहे, शिस्तीचा. आणि सगळ्यात वर, लॅमिनेट केलेलं एक कात्रण. आपल्या रविवार पुरवणीतलं. वर पत्र, 'एक गृहिणी, बुटीबोरी'. खाली डॉक्टरांचं उत्तर. उत्तराच्या शेवटच्या चार ओळींखाली लाल पेनानं, पट्टी लावून, रेघ मारलेली.

"तुमच्याच पेपरातलं आहे," ते म्हणाले. "कोणत्याही डॉक्टरकडे गेलो का मी पहिले हेच दाखवत होतो. अगदी हिच्यासारखीच केस. म्हणजे त्यायलेही समजायले सोपं जाते." एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. आपण बायकोची काळजी नीट घेतली, असा.

मी ते कात्रण वाचलं नाही. मला ते पाठ आहे. बुटीबोरीची ती गृहिणी कुठंच नव्हती, कुंदा. ते पत्र मी लिहिलं होतं, तुझ्यावरून. तू ओळखलंस की नाही हे मी तुला चौदा वर्षांत विचारलं नाही, आणि त्या खोलीत तुझ्या नवऱ्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी फाईल मिटली, "बरं" म्हणाले आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागले.

आता घरी बसून लिहिते आहे. तुझी जन्मतारीख, शिक्षण, कुठं नोकरी केलीस, हे सगळं कोणीतरी दुसरं लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आपली ओळख झाली ती एका मेलेल्या माणसामुळे. पुरवणीच्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छांची चौकट होती आणि तिच्याखाली श्रद्धांजलीची. मी दोघांचे फोटो उलटेपालटे लावले होते. पान छपाईला निघालं होतं, मी डबा उघडला होता, आणि मुद्रितशोधनाच्या टेबलावरून तू उठून आलीस. नोकरीला लागून जेमतेम आठ दिवस झालेले. "मॅडम, हे गृहस्थ वारले का यायचा वाढदिवस आहे? एकदा पक्कं सांगा, मंग मी सही करते." सगळं ऑफिस हसलं. मी हसले नाही, पान थांबवायला धावले. एका जिवंत माणसाला मी पन्नास हजार घरांत मारलं असतं, आणि ते तू वाचवलंस. त्या दिवशी माझ्या डब्यातली भाकर आपण अर्धी अर्धी खाल्ली. दोन महिन्यांत 'मॅडम'ची 'शैला' झाली, वर्षभरात 'शैले'.

छापायच्या आधी प्रत्येक ओळ तपासायची हे तुझं काम. पेपरात मान सगळ्यात कमी, आणि चूक झाली की बोट सगळ्यात आधी तुझ्याकडे. तू त्या कामात पटाईत होतीस, कारण तुझा कशावरच विश्वास बसत नसे. हे मी तेव्हा गमतीनं म्हणायचे. तू हसायचीस, पण पुरतं हसायची नाहीस. त्याचं कारण मला मनीषनगरच्या रेल्वे फाटकात कळलं.

आपण दोघी माझ्या स्कूटीवर जायचो. फाटक तेव्हा दिवसातून कितीदा तरी पडायचं. गाडी यायची वाट पाहत उभं राहिलं की तू मागून खांद्यावर हात ठेवायचीस. "शैले, वळव." मी परत तुझ्या घराकडे वळवायचे. तू दोन मजले चढून जायचीस, मी खाली उभी. परत यायचीस तेव्हा तुझा चेहरा चोरी केल्यासारखा असायचा. एका आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं आणि मी चिडले. "काय विसरतेस रोज रोज?" तेव्हा तू सांगितलंस. फाटक पडलेलं, भर उन्हात, हेल्मेट घातलेल्या माझ्या कानाशी तोंड आणून.

लहानपणी शेजारच्या काकूंचा स्टोव्ह भडकला होता आणि ते तू खिडकीतून पाहिलं होतंस. तेव्हापासून गॅसचं बटण नऊ वेळा पाहायचीस. आठला थांबलं तर चालायचं नाही. "मले माहीत आहे वं का बंद आहे. डोकं मानते, हात मानत नाही." मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. "कोणाले सांगू नको," तू म्हणालीस. मी म्हणाले, "वेडी आहेस का, मी कोणाला सांगणार?"

त्यानंतर मी न विचारता स्कूटी वळवायला लागले. ते दिवस चांगले होते. मला वाटतं त्या एक-दोन वर्षांत तुझ्याइतकं माझ्या जवळचं दुसरं कोणी नव्हतं. माझी आई गेली तेव्हा पंधरा दिवस तू सकाळी येऊन माझा चहा करून जायचीस, आणि जाताना माझ्याही घरचा गॅस नऊ वेळा पाहून जायचीस. मला ते दिसत होतं. बरं वाटायचं, खरं सांगते. आपल्या घराचीही कोणीतरी इतकी काळजी करतं आहे असं वाटायचं.

आणि आपलं ते भांडण. ते कधी संपलंच नाही.

शहराच्या पानावर बातमी यायची, 'मनोरुग्ण तरुणाचा भरचौकात धुडगूस'. तू 'मनोरुग्ण' या शब्दाला पेन्सिलीनं गोल करायचीस आणि कडेला लिहायचीस, 'कोणी तपासलं?' बातमीदार कागद घेऊन तणतणत यायचा. "अहो बाई, दगड मारत होता तो लोकांना. शहाणा माणूस मारेल का?" तू शांतपणे म्हणायचीस, "शहाण्यानं मारला त आपण 'संतप्त जमाव' लिहितो. याले कोणत्या डॉक्टरनं पाहिलं तेवढं सांगा." तो माझ्याकडे पाहायचा, मी छताकडे. शेवटी शब्द तसाच छापला जायचा. पण प्रश्न लिहिल्याशिवाय तू कागद सोडला नाहीस.

सिनेमाच्या पानाचं तेच. आमचा समीक्षक लिहायचा की अमुक नटीनं न्युरॉटिक बाईची भूमिका ताकदीनं उभी केली आहे. म्हणजे तिनं केस मोकळे सोडलेले असायचे, कपबश्या फोडलेल्या असायच्या, आणि शेवटी ती गच्चीवर उभी असायची. तू वाचायचीस आणि म्हणायचीस, "तिले पुरस्कार अन् मले गोळ्या. माझा अंबाडा कधी सुटलेला पाहिला का वं तू?" मी हसून लोटपोट व्हायचे. इतका घट्ट अंबाडा अख्ख्या नागपुरात कोणाचा नव्हता.

आणि मी तरी काय करत होते? 'तुम्ही न्युरॉटिक आहात का? दहा प्रश्नांत ओळखा.' असले तक्ते मी दर दोन महिन्यांनी छापायचे. इंग्रजी मासिकांतून अर्धे उचललेले, अर्धे चहा पिता पिता रचलेले. 'दार लावलं का हे पुन्हा पाहता? दोन गुण.' लोकांना फार आवडायचं. कॉलेजची मुलं एकमेकांना चिडवायची, सासवा सुनांचे गुण मोजायच्या. तू एकदा जेवणाच्या सुट्टीत तो तक्ता प्रामाणिकपणे भरलास. निकाल आला, 'सावध व्हा!' तू विचारलंस, "हे मार्क कोणी ठरवले?" मी म्हणाले, मीच. मग मी तुला समजावलं, की आपल्या त्रासाला नाव मिळालं की माणसाला बरं वाटतं, कुंदा, आपण एकटे नाही असं वाटतं. तू पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिलीस. "नाव मिळते न, मंग लोकं बाकीचं ऐकणं बंद करते."

मी म्हणाले, तुझं आपलं नेहमीचंच. भांडण तिथंच राहिलं.

आता त्या पत्राचं.

आमच्या सदरात एक डॉक्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. भले गृहस्थ होते, कामात बुडालेले. अडचण अशी की छापण्याजोगी पत्रं यायचीच नाहीत. लोक मनातलं पोस्टकार्डावर लिहीत नसत, लिहिलं तर ते छापण्याच्या पलीकडचं असे. संपादक म्हणायचे, "येत नाहीत तर पाडा दोन." पत्रं पाडणं, म्हणजे आपणच रचणं, हा पुरवणीवाल्यांचा जुना रिवाज. मी पाडायचे, आणि खाली गाव टाकायचे भिवापूर, कारण त्या मोकळ्या जागेत ते नाव बरोबर बसायचं. आमच्या पेपराच्या हिशेबानं तिथं मिरचीपेक्षा मनस्ताप जास्त पिकत होता. हे सगळं तुला माहीत होतं, आपण त्यावर हसायचो.

त्या आठवड्यात काहीच सुचत नव्हतं. गुरुवारी पान जायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर फाटक आलं. वीस मिनिटांत पत्र लिहून झालं. मी खबरदारी घेतली, असं तेव्हा मला वाटलं होतं. भिवापूरऐवजी बुटीबोरी टाकलं, नवरा कारखान्यात लावला, नऊचे सात केले, एक मुलगी घातली. तुझं ते वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं. डोकं मानतं, हात मानत नाही. चांगलं वाक्य दिसलं की आम्हाला राहवत नाही, हा आमच्या धंद्याचा रोग आहे. त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर उत्तर सांगितलं, दोन पेशंटच्या मधे. उत्तर नीटच होतं. याला पूर्वी न्युरॉसिस म्हणायचे, पुष्कळ जणांना असतं, लाजू नका, तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा, यातून माणूस बरा होतो. एवढंच. पण पानावर चार ओळी कमी पडत होत्या. डॉक्टर पुन्हा फोन उचलेनात. फुलाचं चित्र टाकता आलं असतं, अक्षर थोडं मोठं करता आलं असतं. मी चार ओळी लिहिल्या.

'अशा व्यक्तींना छातीत धडधडणे, दम लागणे, हात जड वाटणे अशा तक्रारीही वारंवार जाणवतात. त्या शारीरिक नसतात. कुटुंबीयांनी त्यांचा बाऊ करू नये. पुन्हा पुन्हा तपासण्या करण्याच्या भरीस पडू नये.'

कुठून आणल्या? थोडं कुठंतरी वाचलेलं, थोडं ऐकलेलं, उरलेलं माझ्या मनाचं. ओळी कशा बरोबर बसल्या. मला समाधान वाटलं होतं, तेही सांगते.

आपल्या पेपरात तेव्हा अजून जुनी पद्धत होती. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा तोंडानं म्हणायचे. तुझ्यासमोर वाचायला बसणारा त्या दिवशी रजेवर होता. संपादक म्हणाले, "शैलाताई, तुम्हीच वाचा आज." पळून जायला जागा नव्हती. मी तुझ्यासमोर बसले आणि तुझी गोष्ट तुलाच वाचून दाखवली. "मी बुटीबोरी येथे राहणारी गृहिणी आहे पूर्णविराम. मला दाराची कडी आणि गॅसचे बटण पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय आहे पूर्णविराम." माझा आवाज मलाच परका वाटत होता. तुझी पेन्सिल ओळीखालून सरकत होती. त्या वाक्याशी आले आणि पेन्सिल थांबली.

मी वर पाहिलं नाही. पंखा फिरत होता, कोणीतरी खुर्ची ओढली. मग तू म्हणालीस, "वाक्य चांगलं आहे. राहू दे."

पुढं मी वाचत गेले. उत्तर वाचलं, त्या चार ओळी वाचल्या. तू कडेला काही लिहिलं नाहीस. इतक्या वर्षांत ज्या एका ठिकाणी तुझा तो प्रश्न हवा होता, तिथं तू विचारला नाहीस. डॉक्टरांचं म्हणून सोडून दिलंस? की माझी लाज राखलीस? तू कोपऱ्यात सही केलीस, कागद उलटा ठेवलास आणि म्हणालीस, चल, चहा पिऊ.

सोमवारपासून तू ऑटोनं यायला लागलीस. "तुले रोज वळवावं लागते, बरं नाही दिसत." मी फारसा आग्रह केला नाही. मला हायसं वाटलं होतं, कारण मागं बसलेल्या तुझ्या गप्प राहण्याची मला भीती वाटत होती. आपण बोलत राहिलो, हसत राहिलो, हिवाळ्यात तुझ्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या येत राहिल्या. पण तुझ्या मनातलं तू मला पुन्हा काही सांगितलं नाहीस. मैत्रीतली एक खोली तू कुलूप लावून टाकलीस आणि मी कधी दार वाजवलं नाही.

विलासरावांनी ते कात्रण कापलं कधी, हे मला तेरवीपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, त्याच रविवारी. त्यांना आनंद झाला होता म्हणे, हिच्यासारखं दुसरंही कोणी आहे म्हणून. तुला वाचून दाखवलं, तू ऐकून घेतलंस. ते माझंच आहे, शैलानं लिहिलं आहे, एवढं सांगितलं असतंस तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं, आणि ते कात्रण चुलीत गेलं असतं. तू मला वाचवलंस, कुंदा. तेव्हाही त्या उलट्या फोटोंच्या वेळेसारखंच, गाजावाजा न करता. त्याची किंमत तुला अशी द्यावी लागेल हे आपल्या दोघींनाही कळलं नाही.

मुद्रितशोधनाचं टेबल पुढं उठलंच. तपासणं संगणकावर आलं, दोघांनी बसून वाचणं गेलं, तूही गेलीस. आपण फोनवर राहिलो. ते शब्द मात्र पेपरातून निघून मोबाईलमध्ये गेले. आता कोणीही कोणालाही आजार लावून टाकतं. ज्याला उशिरा झोप येते तो डिप्रेस्ड, ज्याचं टेबल आवरलेलं तो न्युरॉटिक. तू म्हणायचीस, "तुह्या दहा प्रश्नांचे पोरं-बाळं झाले वं शैले." मला राग यायचा.

गेल्या दिवाळीनंतर तुझा फोन आला. "जिना चढतानी दम लागून राहिला. डावा हात जड वाटते." मी काय म्हणाले माहीत आहे? तुला माहीत आहे, मी लोकांना सांगते आहे. मी म्हणाले, "कितीदा चढलीस? नऊदा?" तू हसलीस. माझ्यासाठी हसलीस. थंडी संपता संपता पुन्हा म्हणालीस, छातीत दाटते. मी म्हणाले मोबाईलवर आजार पाहत बसू नकोस, जीव घाबरा होतो. उन्हाळा लागल्यावर म्हणालीस, कूलरसमोर बसूनही घाम येते. मी म्हणाले, अगं नागपूर आहे. दरवेळी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. शेवटच्या फोनवर तू हळू आवाजात विचारलंस, "शैले, तुले बी वाटते का वं, का हे माह्या मनाचं आहे?" मी म्हणाले, मला वाटतं तू जरा शांत राहा.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. चौकातल्या डॉक्टरांनी कात्रण वाचलं आणि झोपेची गोळी दिली. दुसऱ्यांनी ते वाचलं आणि गोळी वाढवली. त्यांच्या समोर एक घाबरलेली बाई होती आणि एक छापील कागद होता. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. पण तुझा आवाज तर मी पंचवीस वर्षं ऐकत होते. घाबरलेली कुंदा कशी बोलते आणि दुखणारी कुंदा कशी बोलते, हा फरक मला कळायला हवा होता. तू गॅस नऊ वेळा पाहत होतीस हे खरं होतं, आणि तुझं हृदय बंद पडत चाललं होतं हेही खरं होतं. एकाच बाईला दोन्ही असू शकतं, एवढी साधी गोष्ट आम्हा कोणाच्या डोक्यात आली नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यानंतर तू दीड तासच होतीस. तिथले डॉक्टर विलासरावांना म्हणाले, हा पहिला झटका नाही, आधी एक येऊन गेला आहे. यांनी कधी काही सांगितलं नाही का?

काल मी पुन्हा तुमच्या घरी गेले. सकाळीच गेले, दिवसभर मन बदलायला वेळ नको म्हणून. विलासराव एकटे होते, पेपर वाचत बसले होते. पाणी आणून दिलं. मी ग्लास हातात तसाच धरून सगळं सांगून टाकलं. पत्र माझं. तुझ्यावरून. आणि त्या चार ओळीही माझ्या, डॉक्टरांच्या नाहीत.

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग विचारलं, "म्हणजे डॉक्टरनं नव्हतं लिहिलं ते?"

"नाही."

"कोणत्याच डॉक्टरनं?"

"नाही, विलासराव. जागा उरली होती म्हणून मी लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. "ती म्हणत होती न ताई, एकदा ईसीजी काढून आणू म्हणे. मार्चमध्ये. दोनदा म्हणाली. मी ओरडलो तिच्यावर. म्हणलं, डॉक्टरनं स्वतः लिहून ठेवलं आहे, याच्या मागं लागू नका. अन् मी तिले ते कात्रण वाचून दाखवलं." चष्मा सदऱ्याला पुसला. "तिनं पूर्ण ऐकून घेतलं हो."

मला वाटलं ते मला घालवून देतील. मला तेच हवं होतं. पण ते रडले, लहान मुलासारखे, आणि मीही रडले, आणि आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत बसलो, कोणीतरी येऊन आम्हाला रागवेल म्हणून. मग त्यांनी विचारलं, "कुठं छापलं होतं हे?"

"पुरवणीत. तिसऱ्या पानावर."

"मंग तिथंच छापा. हे जे आता सांगितलं ते. तुमच्या नावानं."

संपादकांना फोन केला. आताचे संपादक तरुण आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, "ताई, स्मृतिलेखात दुरुस्ती कशी छापणार? आठवणी लिहा ना, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल असं काही." मी म्हणाले, वरचं हवं तेवढं कापा. कुंदाच्या सांबारवड्या कापा, फाटक कापा, माझं रडणं तर नक्कीच कापा. शेवट कापायचा नाही. ते हो म्हणाले की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण मी लिहून देते आहे.

तू माफ केलं असतंस, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी माफी मागत नाही. मागितली तर ती मिळाल्यासारखी वाटेल. मला तुझी फार आठवण येते, कुंदा. आणि तुझ्या नवऱ्यानं सांगितलेलं काम करते.

दुरुस्ती. या पुरवणीत चौदा वर्षांपूर्वी बुटीबोरीच्या एका गृहिणीचं पत्र आणि त्याला डॉक्टरांचं उत्तर छापलं होतं. पत्र बनावट होतं. उत्तराचा शेवट डॉक्टरांनी लिहिलेला नव्हता, मी लिहिला होता, आणि तो चुकीचा होता. ज्यांनी तो कापून जपून ठेवला असेल त्यांनी फाडून टाकावा. घरातली बाई छातीत दुखतं म्हणाली, तर ती कशीही असो, तिला दवाखान्यात न्यावं. कुंदा तसं म्हणाली होती.